येते म्हणून गेलेल्या रेहानाबाई

रेहानाबाई गेल्याचं मला धानाच्या बांधीत कळलं. कापणी चालू होती. आमच्या गावची आशाबाई रस्त्यावरून सायकल हाताने लोटत चालली होती, ती बांधाच्या पाळीवर थांबली आणि तिथूनच म्हणाली, "कुसुमबाई, तुमची ती सर्वेवाली बाई वारली वो. चामोर्शीची. ताप आला म्हनते, नागपूरले नेलं होतं." मी विळा तसाच हातात धरून उभी राहिले. मग पुन्हा वाकले आणि ओळ संपेपर्यंत कापत गेले. सोबतच्या बायांनी विचारलं, कोण होती गं ती तुझी? मला सांगता आलं नाही. नात्यातली नव्हती, जातीतली नव्हती, गावातली नव्हती. मी म्हटलं, "येत होती आमच्या घरी." तेवढंच तोंडातून निघालं.

बोलायची मला लहानपणापासून चोरी. चार माणसं बसली असली की माझा आवाज घशातच राहतो. शाळा चौथीनंतर सुटली, पण वाचणं सुटलं नाही. सामान बांधून आलेला पेपरचा तुकडासुद्धा मी वाचून मगच चुलीत घालते. लिहायची सवय मात्र नाही. तरी कापणी उरकल्यापासून मनात एकच चालू आहे, म्हणून हे लिहून पाहते. कोणाला वाचून दाखवायचं नाही.

रेहानाबाईंचं काम काय होतं ते सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. ज्या घरी मयत झाली त्या घरी काही दिवस जाऊ देऊन जायचं, आणि माणूस कसा गेला ते विचारायचं. आमच्याकडे पुष्कळ माणसं घरीच जातात. डॉक्टरने पाहिलेलं नसतं, त्यामुळे कोण कशाने गेलं ते कागदावर कुठेच येत नाही. आणि ते माहीत नसलं तर कोणत्या गावाला कोणतं औषध लागेल, कुठे नर्स लागेल, हे ठरवणार कसं? म्हणून मोठ्या डॉक्टरांनी हा अभ्यास मांडला होता. हे सगळं पुढे रेहानाबाईंनीच मला समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी मला एवढंच दिसलं की एक बाई स्कूटी आंब्याखाली लावते आहे, डोक्यावर ओढणी, पाठीवर दप्तर, आणि सरळ आत न येता घराभोवतीच्या सांदवाडीच्या फाटकाशी उभी राहून विचारते आहे, "येऊ का?"

तेव्हा माझी पहिली मुलगी जाऊन थोडेच आठवडे झाले होते. तिचं बारसं झालं नव्हतं. मी तिला मनात चिमी म्हणत असे. ती गेली तेव्हा मोहाचे दिवस होते. आमचे हे दरवर्षीसारखे सिरोंच्याकडून तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. घरी मी आणि सासूबाई. मोहफूल पडायला लागलं की ते आपल्यासाठी थांबत नाही. आज वेचलं नाही तर उद्या गुरं खातात, हरणं खातात. सासूबाईंच्या गुडघ्यांनी त्या वर्षी दगा दिला होता. माझा बाळंतपणाचा सव्वा महिना भरायला थोडेच दिवस उरले होते. चिमीला लुगड्याच्या झोळीत घेऊन मी पहाटे झाडाखाली गेले. सावलीत फांदीला झोळी बांधली आणि वेचत राहिले. आठवडा गेला असेल. मग एका दुपारी तिने दूध सोडलं, अंग तापलं, श्वास भात्यासारखा चालायला लागला... दुसऱ्या दिवशी गाडीची सोय होईपर्यंत ती गेली.

एवढ्या लहान लेकराची तेरवी करत नाहीत. पुरतात आणि घरी येतात. कोणी बसायला येत नाही, कोणी विचारत नाही. दुसरं होईल, म्हणतात. पण बोरिंगवर पाणी भरताना बायांना सगळं माहीत होतं. शेजारची वनिता मोठ्याने म्हणायची, "सव्वा महिना तं भरू द्याचा होता. कोवळ्या जिवाले जंगलातलं वारं कसं सोसन?" तिच्या बोलण्यात वैर नव्हतं. हळहळच होती, आणि ती हळहळच मला जास्त लागायची. सासूबाई तेव्हा पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन पुढे निघून जायच्या.

अशा वेळी ही बाई दारात आली होती. सासूबाईंनी तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, "नको आजी, तो पिढा द्या." दाराजवळच्या बुटक्या लाकडी पिढ्यावर ती बसली, तर मी भुईवर बसलेली आणि तिचं डोकं जवळजवळ माझ्याएवढंच खाली आलं. मग म्हणाली, "पहिले पानी द्याल का?" मयतीच्या घरचं पाणी परकी माणसं सहसा मागत नाहीत. तिने मागून घेतलं आणि सगळं प्यायली. दप्तरातून कागद काढला, पण लिहायच्या आधी मला म्हणाली, "कुसुमबाई, तुमच्या लेकीबद्दल इचाराचं आहे. सांगाचं असन तं सांगा. नाई म्हनलं तरी चालते, मी परत जाईन, कोनी रागावनार नाई. मधातच थांबावंसं वाटलं तरी थांबू." हे ती सासूबाईंना नव्हे, मला विचारत होती. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी मान हलवली. ती म्हणाली, "मान हालवून नाई, तोंडानं सांगा." मी म्हटलं, "इचारा."

"पहिलेपासून सांगा. तुमच्या शब्दात. मी मधात बोलनार नाई."

आणि खरंच ती मध्ये बोलली नाही. मी अडले की ती पण थांबायची, भुईकडे पाहत. मी केवढी थांबले असेन त्या दिवशी... सांगून झाल्यावर तिने कागदावरचे प्रश्न घेतले. ताप होता का? दूध ओढत होती का? श्वास घेताना छातीखाली खड्डा पडत होता का? रडण्याचा आवाज बारीक झाला होता का? एका प्रश्नाशी ती थांबली आणि म्हणाली, "हे कागदात नाई, मीच इचारून राह्यली. तिले घरी काय म्हनत होते?" मी म्हटलं, "चिमी." माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या कानावर ते नाव पहिल्यांदाच पडलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

निघायच्या वेळी मी तिला विचारलं. कुठून धीर आला माहीत नाही. "बाई, ते जंगलात नेलं म्हनून झालं का? माह्या हातून झालं का?"

ती उठता उठता पुन्हा बसली. "मले सांगता येत नाई, कुसुमबाई. मी डॉक्टर नाई. मी फक्त इचारते आन लिहून नेते. डॉक्टर वाचतात."

"मंग ते सांगतीन?"

तिने कागद दप्तरात घातला. मग दप्तर पाठीला लावलं, फाटकाशी गेली आणि मागे वळून म्हणाली, "बरं, येते."

सासूबाई खाटेवरून ताडकन उठल्या. "मयतीच्या घरून येते म्हनून जाते का कोनी? आता कोनाले न्याले येतं वो?"

आमच्यात मयतीच्या घरून निघताना कोणी येतो म्हणत नाही. मुकाट्याने उठून जायचं असतं. रेहानाबाई गडचांदूरच्या. वडील सिमेंटच्या कारखान्यात, घर कॉलनीत, सासर चामोर्शीला शिलाईच्या दुकानाचं. त्या कामावर नव्या होत्या, आणि कोणत्याही घरून निघताना येते म्हणायचं एवढंच त्यांच्या जिभेला ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्या परत अंगणात आल्या. "आजी, चुकलं माहं. तोंडातून निघून गेलं." सासूबाई काही ऐकायला तयार नव्हत्या. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आता म्हनलं तं म्हनलं. मागं कसं घेऊ? येईनच मी. पन मरन घेऊन नाई येत. डॉक्टर काय म्हनते ते घेऊन येते."

पुढचं मला कितीतरी उशिरा कळलं. त्या अभ्यासात परत येऊन सांगायचं असं काही ठरलेलंच नव्हतं. विचारायचं, लिहायचं, नेऊन द्यायचं. सगळ्या घरांचं मिळून जे निघेल ते वर जाणार होतं. एकेका घराला उत्तर देणं त्यात कुठे बसत नव्हतं. रेहानाबाईंनी ऑफिसात जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की मी एका घरी येते म्हणून आले. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की जे लिहून येतं तो अंदाज असतो, रक्त तपासलेलं नसतं. एखाद्या घरी सांगितलं की अमक्या आजाराने गेला, तर त्यावरून नवरा बायकोला धरेल, भाऊ भावाला. आपण विचारायला गेलो आणि घर फोडून आलो, असं होऊ नये. रेहानाबाई म्हणाल्या, "सर, आपण नाई सांगतलं तरी ते एकमेकायले धरूनच राह्यले. तुमी एकदा बोरिंगवर जाऊन ऐका." बरेच दिवस हे चाललं. शेवटी असं ठरलं की पहिले जाऊन घरच्यांना विचारायचं, तुम्हाला कळायला हवं का? हो म्हणतील त्यांनाच सांगायचं, आणि अंदाज आहे हे अंदाज म्हणूनच सांगायचं. पुढच्या अभ्यासात ते पहिल्यापासूनच धरलं गेलं. "तुमच्या सासूच्या शिव्यायनं झालं हे," असं त्या हसत म्हणायच्या.

पण ते सगळं व्हायला पाऊस येऊन गेला. धानाची रोवणी झाली. आमचे हे परत आले, त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वनिता तेच बोलत होती. मी रोज रस्त्याकडे पाहायची आणि मग स्वतःलाच म्हणायची, कशाला येते ती.

दसऱ्याच्या पुढेमागे ती बाई खरंच आली. पुन्हा फाटकाशी, "येऊ का?" पिढा घेतला, पाणी मागितलं. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. ती म्हणाली, "डॉक्टरायनं वाचून ठेवलं आहे. तुमाले माहीत करून घ्याचं असन तं मी पुढच्या खेपेले सांगाले येईन. नसन घ्याचं तं तेबी बरोबर आहे."

सासूबाई तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "नको. झालं ते झालं. उकरून काय होते?"

मी म्हटलं, "मले पाहिजे."

माझाच आवाज मला परका वाटला. सासूबाईंच्या आधी किंवा त्यांचा शब्द मोडून मी त्या घरात कधी बोलले नव्हते. त्या वळल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी फक्त चुलीतलं लाकूड मागे ओढलं. रेहानाबाई माझ्याकडे पाहत होत्या. "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की."

ती पुन्हा आली तेव्हा थंडी पडली होती. मी अंगणात धान वाळवत होते. हात धुऊन बसले. तिच्याजवळ त्या दिवशी कागद नव्हता. पाणी पिऊन तिने पेला खाली ठेवला, आणि कसं सांगायचं ते ठरवून आल्यासारखी सावकाश बोलायला लागली. "हे बघा, एकाच डॉक्टरच्या म्हनन्यावर आमी जात नाई. दोन डॉक्टर वेगवेगळे वाचते. एकानं काय लिहिलं ते दुसऱ्याले माहीत नसते. तुमच्या चिमीचं एकानं छातीचं दुखनं म्हनलं. दुसऱ्यानं म्हनलं नाई, हे दुसरं काई दिसते, जन्मापासूनचं असन. दोघायचं जुळलं नाई म्हनून तिसऱ्याले देलं."

"आन तिसरा?"

"त्यानं लिहिलं का एवढ्यावरून सांगता येत नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे समजलं नाई, कुसुमबाई."

मी तिच्याकडे पाहत राहिले. उन्हाळ्यापासून मी जे मनात धरून बसले होते ते असं रिकाम्या हाताने समोर आलं होतं. मला फार राग आला तिचा. एवढ्या लांबून, एवढं विचारून, मला सगळं पुन्हा सांगायला लावून... आणि समजलं नाही? सासूबाईंनीच विचारलं, "एवढं सांगाले आली तू?"

"हाव आजी. येते म्हनलं होतं."

सासूबाई तिच्याकडे सरकल्या. मग म्हणाल्या, "तिघं डॉक्टर?"

"तिघं."

"शिकलेले? मोठे?"

"मोठे."

"आन तिघायलेबी नाई समजलं."

"नाई समजलं."

सासूबाई उठून आत गेल्या. रेहानाबाई निघाल्या. या वेळी त्या फाटकाशी थांबल्या आणि काहीच न बोलता सासूबाईंच्या दाराकडे पाहत राहिल्या. आतून आवाज आला, "म्हन न येते. काऊन उभी राह्यली?"

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर वनिताने नेहमीचं सुरू केलं. माझं नावही घेतलं नव्हतं, दुसऱ्याच कोणाच्या बाळंतपणाचं निघालं होतं, आणि ती म्हणाली की सव्वा महिना पाळला नाही तर काय होते ते आपण पाहिलं. सासूबाईंनी गुंडी खाली ठेवली. म्हणाल्या, "तीन डॉक्टर बसले होते वो, वनिता. आमच्या पोरीसाठी. आयुष्यभर शिकलेले. त्यायले नाई समजलं का कायनं गेली. तुले कसं समजलं?"

वनिता म्हणाली, "मी आपली सहज बोलली, काकी."

"सहजच बोलत जाजो. पन समजलं म्हनू नको."

घरी आल्यावर त्या भुईवर बसल्या, पाय पसरून, गुडघे चोळत. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मीच म्हनलं होतं तुले, चाल म्हनून. एकटीनं मोहा उरकत नाई म्हनलं होतं." तोपर्यंत ही गोष्ट आमच्या दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हती, आणि आम्हा दोघींतही ती कधी निघाली नव्हती. वनिता मला बोलायची तेव्हा त्या गुंडी घेऊन पुढे का निघून जायच्या, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा चिमीसाठी रडलो... मुलीला जाऊन तेव्हा दुसरा ऋतू लागला होता.

रेहानाबाई त्यानंतर येतच राहिल्या. मुलचेऱ्याकडच्या गावांत जायचं असलं की आमच्या रस्त्याने जायच्या. मी तरोट्याची रानभाजी बांधून द्यायची, त्या ईदचा शीरखुर्मा डब्यात आणायच्या. सासूबाई पहिल्यांदा नको नको म्हणाल्या आणि मग डबा चाटूनपुसून परत केला. लहानपणी गडचांदूरला झाडांची पानं पांढरीच असतात असं वाटायचं, असं रेहानाबाई सांगायच्या. कारखान्याची धूळ बसायची म्हणून. पहिल्यांदा आमच्या जंगलात आल्या तेव्हा एवढं हिरवं पाहून डोळे दुखले होते म्हणे. माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा सव्वा महिन्याच्या आत त्या तीनदा येऊन गेल्या. काम नसताना.

एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही तेव्हा खोटं का नाही सांगितलं? छातीचं होतं, कोणाच्या हातात नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी मोकळी झाले असते. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मनात आलं होतं. रस्ताभर आलं होतं. पन मंग म्हनलं, एका घरी बरं वाटावं म्हनून सांगतलं, तं दुसऱ्या घरी खरं सांगतलेलंबी कोन खरं मानन? इथून तिथं गोष्ट जातेच न, बाई." आणि थोड्या वेळाने, "आन तुमाले नंतर समजलं असतं तं? तुमी मले पुन्हा पिढा देल्ला असता का?"

पुढे त्या नव्या मुलींना शिकवायला लागल्या. खऱ्या घरी पाठवायच्या आधी सराव करायला त्यांना आमच्या अंगणात आणायच्या. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या बाईला प्रश्न विचारता आले तर कुठेही विचारता येतील, असं त्या म्हणायच्या. मला वाटायचं थट्टा करतात, पण तसं नव्हतं. एक मुलगी फार भराभर विचारायची आणि मी अडखळले की माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. रेहानाबाई म्हणाल्या, "पोट्टी, तिचं बोलनं तिले संपवू दे. तू संपवलं तं ते तुहं झालं, मंग तुह्याच घरचं लिहून ने." दुसरीने कागदातलं जसंच्या तसं वाचलं, "मयत व्यक्तीस श्वसनाचा त्रास होता का?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मयत व्यक्ती कोन वो? आमची चिमी होती ते." मुलगी एवढीशी झाली. रेहानाबाईंनी तिला कागद बंद करायला लावला आणि पाणी मागायपासून पुन्हा सुरू करायला सांगितलं. निघताना प्रत्येकीला त्या एकच बजावायच्या, "येते म्हनाचं असन तं येजा. नाई तं मुकाट्यानं उठून जाजा."

सासूबाई वारल्या तेव्हा त्या आल्या होत्या. दप्तर नव्हतं. "आज इचाराले नाई आली," एवढंच म्हणाल्या आणि बायांमध्ये भुईवर बसून राहिल्या. उठताना रीत म्हणून काही बोलल्या नाहीत, ओढणी सारखी करून चालायला लागल्या. मीच मागून म्हटलं, "येते म्हना न, बाई." त्या वळल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "येते," म्हणाल्या.

शेवटच्या भेटीत, धान पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या तेव्हा, त्या थकलेल्या दिसत होत्या. एक पेला पाणी प्यायल्या आणि दुसरा मागितला. मी म्हटलं, बरं नाही का? म्हणाल्या, ऊन लागलं. गेल्या तेव्हा येते म्हणून गेल्या.

त्यांच्या घरी चाळीसाव्या दिवसाच्या आधी गेले. चामोर्शीला बसने उतरून शिलाईचं दुकान विचारत गेले. दुकान उघडं होतं, रेहानाबाईंचे मालक मशीनवर बसले होते, पण मशीन चालत नव्हती. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "कुसुमबाई? पिढ्यावाल्या?" आणि आत त्यांच्या मुलीला हाक दिली. सना तिचं नाव, कॉलेजात आहे. तिने खुर्ची पुढे केली. मी खाली चटईवर बसले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आले होते, त्यातलं काही आठवेना. मग म्हटलं, "बेटा, पहिले पानी दे."

पाणी प्यायले. ती समोर बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी म्हटलं, "सांगाचं असन तं सांग. पहिलेपासून. तुह्या शब्दात. नाई सांगतलं तरी मी बसून राहीन."

तिने सांगितलं. अम्मीला ताप आला, अम्मी म्हणाली उतरेल. सनाने गोळी दिली. दुसऱ्या दिवशी नेऊ असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं... ती अडली की मी चटईकडे पाहत होते. मध्ये मालक दारात येऊन उभे राहिले आणि पुन्हा गेले. शेवटी ती म्हणाली, "जो येते तो इचारते, लवकर काऊन नाई नेलं? अम्मी एवढ्या लोकायले इचारत फिरली, आन माह्याच घरी... मावशी, माहं चुकलं का?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, नाही गं पोरी, तुझं काय चुकणार. सगळ्या बाया तेच सांगून जात असतील. मला पिढ्यावर बसलेली एक बाई दिसली, उठता उठता पुन्हा बसलेली.

"मले सांगता येत नाई, बेटा," मी म्हटलं. "मी डॉक्टर नाई. पन नागपूरचे कागद असतीन न तुह्याजवळ? ते घेऊन आपण त्या दवाखान्यात जाऊ. ज्या डॉक्टरनं पायलं त्याले इचारू. तुले कळाले पाहिजे का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तोंडाने म्हणाली, "पाहिजे."

"मी येईन संगं. सांगतलं तं आयकून घेऊ. नाई समजलं म्हनलं तं तेबी घेऊन येऊ."

मी आजवर नागपूर पाहिलेलं नाही. डॉक्टरसमोर माझं तोंड उघडेल की नाही, ते मला माहीत नाही. सना विचारेल, मी बाजूला बसेन, एवढं तरी जमेल.

निघताना मालक दुकानाच्या पायरीपर्यंत आले. शेजारच्या दोन बाया बाहेर बसल्या होत्या, त्या माझ्याकडे पाहत होत्या. मयतीचं घर होतं. मी चपला घातल्या, रस्त्यावर उतरले आणि मागे वळून मोठ्याने म्हटलं, "सना, येते."

आज घरी पिढा धुऊन दाराजवळ उन्हात ठेवला आहे. धान विकून झालं की पहिल्या बसने चामोर्शीला जायचं आहे. येते म्हणून आले आहे मी.